भरली वाटी : पांढुर्णा-सौंसरच्या स्वयंपाकघरांचा इतिहास

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आम्ही थोडे गांगरलोच. आमचे शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंतचे, नोकरी राज्य शासनाची आणि रोजचा संबंध रस्ते, पुलिया व मोजमाप पुस्तिकेशी. इतिहास लिहायचा म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या आल्या. त्या आम्ही शाळेत परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या आणि निकाल लागताच विसरलो होतो. घरी हा विषय निघाला तेव्हा पाटावर बसून अंबाडीची पाने निवडणाऱ्या आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "राजे आले अन् गेले. भाकर तं आपणच थापली नं? तिचंच लिव."

आत्याबाईंचा हुकूम आम्ही मानला. म्हणून, सुज्ञ वाचकहो, हा लेख आपल्या चुलीचा, ओट्याचा आणि शेजारच्या भिंतीवरून इकडून तिकडे जाणाऱ्या वाटीचा आहे. सनावळ्याही येतील, पण त्यांना आम्ही ताटाभोवतीच बसवणार आहोत.

घाटाच्या वर, घाटाच्या खाली

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघाले की उमरानाल्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. घाट उतरून, रामाकोना मागे टाकून सौंसरला पोहोचेपर्यंत हवा बदलते, माती काळी होते आणि बसमधल्या माणसांची बोलीही बदलते. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे असेच दोन भाग केलेले आहेत. सातपुड्याच्या वरचे पठार तो 'बालाघाट' आणि खालचा सखल मुलूख तो 'जेरघाट'. आजचा बालाघाट जिल्हा वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नये. 'जेर' म्हणजे फारसीत 'खाली'. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा ही सारी घाटाखालची वस्ती. म्हणजे आपण सारे जेरघाटकर.

हा फरक केवळ नकाशातला नव्हता, तो ताटातही होता. वर पठारावर गहू, कोदो, कुटकी. खाली काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी आणि तूर. कापसाने घरात पैसा यायचा, ज्वारीने पोट भरायचे आणि मधल्या ओळींत पेरलेल्या तुरीचे वरण व्हायचे. ज्वारीचा कडबा बैलाला, सरकी दुभत्या जनावराला आणि वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीला. शेतातले काहीच वाया जात नसे. आपल्याकडचा स्वयंपाक या हिशेबावर उभा राहिला. भाकर, वरण, झुणका, अंबाडीची भाजी, भरीत, कढीगोळे, पातोडीचा रस्सा, गोळाभात यांतला एकही पदार्थ असा नाही की ज्यासाठी शेतकऱ्याला फार लांब जावे लागेल.

आणखी एक धागा जाम नदीचा. ती पांढुर्ण्याजवळून निघते, सौंसर तहसिलीत जामसावळीच्या मारुतीपाशी सर्पा नदीला भेटते आणि पुढे कन्हानला मिळते. आमचे घर पांढुर्ण्याचे आणि आजोळ सौंसरचे. त्यामुळे लहानपणी आम्हाला वाटे की नदी आमच्याच आईच्या माहेरी जाते.

राज्ये बदलली, चूल तिथेच

या मुलुखाचे मालक किती वेळा बदलले ते एकदा ओळीने पाहू. देवगडचा किल्ला आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातला. तिथल्या गोंड राजघराण्यातल्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर शहर वसवले. म्हणजे नागपूरने आपल्याला वसवलेले नाही, आपल्याकडच्या राजाने नागपूर वसवले आहे. नागपूरच्या सोयऱ्यांना ही गोष्ट अधूनमधून आठवून द्यायला हरकत नाही. त्याच शतकाच्या मध्याला पहिल्या रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडले गेले, आणि राजधानी राहिली नागपूर. १९५० मध्ये या प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच होती. हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे झाले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर व पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. आपली राजधानी भोपाळ झाली. नागपूर जवळच होते तसे जवळच राहिले, फक्त ते दुसऱ्या राज्यात गेले. आता ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यातच आहे.

आमच्या आजीसारखी एखादी म्हातारी, जी लग्न होऊन ज्या घरात आली ते घर तिने मरेपर्यंत सोडले नाही, ती एका जागी बसून किती सरकारांत राहिली याचा हिशेब करून पाहा. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग नागपूरचा मध्यप्रदेश, मग भोपाळचा मध्यप्रदेश. कागदावरचे पत्ते बदलत गेले. शाळेची भाषा हिंदी झाली, कचेरीची हिंदी झाली, पाटीवरची हिंदी झाली. आजीच्या चुलीला मात्र यातले काही कळवायला कोणी आले नाही. कोथिंबिरीला ती 'सांबार' म्हणत राहिली, टमाट्याला 'भेदरं' म्हणत राहिली. दफ्तरात मराठीला जागा उरली नाही तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि तिथून तिला कोणी उठवले नाही.

ताटातले परदेशी पाहुणे

आपले जेवण आपलेच, असे आपण अभिमानाने म्हणतो. खोलात गेले की गंमत कळते. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि अशी रुळली की आता तिच्याशिवाय आपण आपल्याला ओळखत नाही. ज्या तिखटाच्या जोरावर आपण घाटावरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो ती मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आलेली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळी होती. बटाटा, टमाटर, शेंगदाणा हेही तिकडचेच. एकादशीला ज्या साबुदाण्यावर आपला उपास उभा असतो, तो ज्या कंदापासून होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेचा. आत्याबाईंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग देवाले चालते नं?" देवाला चालते, हे आपण सारे जाणतोच.

संत्र्याचेही तसेच. भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून नागपुरात संत्र्याची झाडे आली असे सांगतात. तिथून ती काटोल, नरखेड, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात पसरली. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलम करायचे, झाडाला पाण्याचा ताण द्यायचा आणि मग बहर धरायचा, हे तंत्र आपल्या शेतकऱ्यांच्या हातात बसले. आंबिया बहराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फळे उन्हाळ्याच्या आधी. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बागवाल्याच्या घरचा जुना नियम त्याहून मोठा होता. पहिल्या तोड्याची टोपली बाजारात जायची नाही. ती आळीतल्या घराघरांत वाटली जायची, आणि ज्या घरात लेकरू आजारी असेल तिथे दोन फळे जास्त.

फळांसारखीच माणसेही या मुलुखातून ये-जा करत राहिली. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या लाईनवर, तर सौंसर नागपूर-छिंदवाड्याच्या छोट्या लाईनवर. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि आता त्याच मार्गावर मोठी लाईन आहे. आमचे मामा नागपूरला शिकायला होते तेव्हा आजी ओळखीच्या प्रवाशाच्या हाती डबा द्यायची. भाकरी फडक्यात, वर ठेचा आणि एका डबीत तूप. डबा संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. मामा वसतिगृहात राहत, तरी रिकामा डबा कधी येत नसे. कधी चार चिंचा, कधी सीताबर्डीवरून घेतलेल्या चण्याची पुडी. आजी डबा उघडून पाही आणि मगच तो धुवायला टाकी.

ओटा, आंगण आणि वाटी

वाटी रिकामी परत करू नये, हा आपल्या शेजारधर्माचा पहिला नियम. शेजारून भाजीची वाटी आली तर ती घासूनपुसून परत द्यायची, पण रिकामी नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळे वाटीचा प्रवास कधी संपतच नसे. कोणाची वाटी कोणाकडे आहे हे लक्षात राहावे म्हणून वाट्यांवर नावे कोरून घेत. आमच्या घरात आजही अशा तीन वाट्या आहेत ज्यांवर दुसऱ्यांची नावे आहेत. त्यांतली दोन घरे गाव सोडून गेली.

उन्हाळ्यात तर सारी आळी एक स्वयंपाकघर व्हायची. आज एकीच्या आंगणात कुरड्या, उद्या दुसरीच्या गच्चीवर खारोड्या, परवा तिसरीकडे शेवया. गहू तीन दिवस भिजवणे, वाटून चीक काढणे, तो चुलीवर हाटणे ही कामे एकट्या बाईला झेपणारी नव्हती. चीक तयार झाला की मुलांना वाटीभर गरम चीक मिळे, आणि त्या बदल्यात आम्हाला वाळवणावर बसणारी पाखरे हाकावी लागत. सरगुंडे करायचे तेव्हा काड्या आम्ही गोळा करायच्या. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, वाळवायची, आणि आंब्याच्या दिवसांत रसाबरोबर खायची. कोणाच्या हाताला कोणती चव आहे हे आळीला ठाऊक असे. पापडाचे पीठ एकीनेच भिजवायचे, लोणच्याचा मसाला दुसरीनेच घालायचा. यात मोठेपणा नव्हता, कामाची वाटणी होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनात आले की युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच लोकांच्या जेवणाच्या रीतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि २०२२ मध्ये तिथल्या लांब पावाच्या कारागिरीलाही. आम्हाला वाटले, एखाद्या खास पदार्थाला हा मान मिळाला असेल. वाचता वाचता कळले की मान पदार्थाला नव्हता. लोकांनी एकत्र जमावे, ठरलेल्या क्रमाने जेवावे, चांगल्या चवीचा आनंद मिळून घ्यावा, या रीतीला तो मान होता. फ्रान्समधले लियों हे शहर १९३५ पासून खाण्यापिण्याची राजधानी म्हणून ओळखले जाते. तिथल्या खाणावळींचे नाव ज्यांनी मोठे केले त्यांत बायका पुष्कळ होत्या. श्रीमंत घरांत स्वयंपाकाला असलेल्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या आणि शहर त्यांना 'आई' म्हणू लागले. त्यांच्यातल्या युजेनी ब्राझिये यांना १९३३ मध्ये दोन खाणावळींसाठी मिळून मिशेलिनचे सहा तारे मिळाले. पाव भाजणारा, भाजी विकणारी, खाणावळ चालवणारी या शेजारच्या माणसांना त्या शहराने आपल्या इतिहासात जागा दिली आहे.

हे वाचून आम्हाला आपल्या महालक्ष्म्यांची पंगत आठवली. जमणे, क्रमाने वाढणे, मिळून जेवणे यांतले आपल्याकडे काय कमी आहे? पोळ्यापासून सुरू होणारा हा पंधरवडा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांची परीक्षाच. पोळ्याला पुरण, मग हरतालिकेचा उपास, चतुर्थीला मोदक आणि मग ज्येष्ठागौरी, म्हणजे आपल्या भाषेत महालक्ष्म्या. सोळा भाज्यांची एकत्र भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पुरणपोळी आणि पुरणाच्या दिव्यांची आरती. सोवळ्यातला स्वयंपाक पहाटेपासून चाले आणि पंगती दिवेलागणीपर्यंत उठत. हे सारे रांधणाऱ्या बायकांची नावे मात्र कोणत्याही कागदावर नाहीत.

दगड आणि पुरण

पांढुर्ण्याचा इतिहास लिहायचा आणि गोटमारीचे नाव घ्यायचे नाही, हे जमणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपदाच्या पाडव्याला, नागपुरात मारबती निघतात आणि आपल्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर मध्ये दगड. एका काठचा मुलगा आणि दुसऱ्या काठची मुलगी पळून जाताना नदीत सापडले, अशी त्यामागची कथा सांगतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. शासन दरवर्षी बंदोबस्त लावते, समजूत घालते.

आमची मोठी बहीण सावरगावला दिली आहे. गोटमारीच्या दिवशी आमची ड्यूटी लागते आणि तिच्या घरचे नदीच्या दुसऱ्या काठावर असतात. म्हणून पोळ्याच्या रात्रीच तिच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा पोहोचवायचा आणि तिच्याकडचा आणायचा, ही आमच्या घराची रीत. दोन्ही घरांत पुरण तेच, डाळ तीच, गूळही बहुधा एकाच दुकानाचा. तरी डबा गेलाच पाहिजे. अशी घरे दोन्ही काठांवर पुष्कळ आहेत. गोटमारीच्या बातम्या दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येतात. आदल्या रात्री पुलावरून दोन्ही बाजूंना डबे जातात, त्याची बातमी होत नाही. आम्ही मोजमापाची माणसे, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

एक रिकामी वाटी

इथपर्यंत जे लिहिले ते गोड आहे आणि खरेही आहे. पण स्मरणिकेत इतिहास लिहायचा तर अर्धाच लिहून चालणार नाही. वाटी आळीभर फिरत होती हे खरे, पण ती कोणत्या दारापर्यंत जात होती आणि कोणत्या दाराआधी वळत होती, हेही लिहायला हवे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते ९० च्या सुमारास, आमच्या बागेत तोडणीला एक मावशी येत. वाळवणाच्या दिवसांतही त्या मदतीला असत. गहू त्यांनी भिजवावा, चीक आमच्या आईने हाटावा, इथे रेषा होती. त्यांच्यासाठी एक कप आणि एक ताटली मागच्या ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. महालक्ष्म्यांच्या दिवशी सगळ्या पंगती उठल्या की त्यांचा वाटा फडक्यात बांधून मागच्या दाराने दिला जाई. त्यांचा मुलगा आमच्या वर्गात होता. तो वाटा न्यायला येई. पाचवीत गेल्यावर तो येईनासा झाला. आम्ही शाळेत विचारले तेव्हा म्हणाला, "पुढच्या दारानं बोलावशील तेव्हा येईन."

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. राज्य पुनर्रचनेला तेव्हा अवघे अठरा दिवस उरले होते. आपण मराठी घरांत त्या वर्षाची आठवण काढतो ती नागपूर आपल्यापासून तुटले म्हणून. मावशींच्या घरात त्याच वर्षाची आठवण निघायची ती वेगळ्याच कारणाने, आणि ती आनंदाची होती. एकाच गावात, एकाच भाषेत, एका वर्षाच्या दोन आठवणी. शाळेत आम्हाला यातली एकही कोणी सांगितली नाही.

एका बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरून आमच्याकडे खिरीची वाटी आली. पुढच्या दाराने आली, मुलाच्या हाती. आईने ती घेतली आणि ओट्यावर ठेवली. आम्ही भावंडे आईच्या तोंडाकडे पाहत होतो. आईने आजीकडे पाहिले. आजी काही बोलली नाही. वाटी संध्याकाळपर्यंत ओट्यावर होती. रात्री खीर गाईच्या घमेल्यात गेली. दुसऱ्या दिवशी आईने वाटी घासून परत पाठवली. तिच्यात साखर नव्हती. आमच्या घरातून रिकामी परत गेलेली ती एकच वाटी.

आई त्याबद्दल पुढे कधी बोलली नाही. पण ती विसरली नव्हती. शेवटच्या आजारपणात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, तिने खाटेवरून आमच्या सौभाग्यवतींना सांगितले, "पहिली पंगत त्यांच्या घरची बसव. बोलवायला तू जा." त्या गेल्या. वर्गमित्राची बायको आली, दोन्ही मुले आली, पुढच्या दाराने आली, पहिल्या पंगतीला बसली. तो आला नाही. त्याने निरोप पाठवला होता की कामावर आहे. आम्हाला ते काम कोणते ते ठाऊक आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. जे आम्ही तीसेक वर्षे उशिरा केले ते त्याने लगेच मान्य करावे, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. आई त्यानंतर दोन महिन्यांनी गेली. दरवर्षी आमच्याकडून बोलावणे जाते. बायको-मुले येतात. त्यांच्याकडून खीर येते आणि आम्ही ती खातो.

आजचे ताट

आता आजचे. गेल्या पन्नास वर्षांत आपले ताट जितके बदलले तितके चार राजवटींत बदलले नव्हते. रेशनच्या दुकानात गहू आला, तो पांढरा, मऊ आणि प्रतिष्ठेचा. ज्वारी गरिबाची झाली. शेतात सोयाबीन आला, मका आला, आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी बैलजोडीही अवघड झाली. आता पोळ्याला बैल मोजून घ्यावे लागतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षी पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हा एका बैठकीत आम्हाला ज्वारीची बिस्किटे मिळाली, सुंदर वेष्टनात. आत्याबाईंनी एक खाऊन पाहिले आणि म्हणाल्या, "भाकरीले इतकं नटवाची काय गरज होती?"

भाकरीचा प्रश्न केवळ धान्याचा नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ ताजे लागते, उकळत्या पाण्यात मळावे लागते आणि हाताने थापावे लागते. कोणती भाकर फुगेल आणि कोणती फाटेल हे हाताला कळते, पुस्तकाला कळत नाही. तो हात एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिला नाही तर दुकानात मिळत नाही. त्या हाताबरोबर शब्दही जातात. आमच्या मुलीला सांबार म्हटले की इडलीबरोबरचे आठवते. ती घरात मराठी बोलते, पण शाळेचा अभ्यास, मोबाइल आणि मैत्रिणी हिंदीत. तिच्याशी मराठीतले सर्वात लांब बोलणे स्वयंपाकघरातच होते, पोळ्या लाटताना. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे की रविवारची भाकर तिने आणि तिच्या धाकट्या भावानेही थापायची. पहिल्या महिन्यातल्या भाकरी नकाशासारख्या झाल्या. आत्याबाईंनी त्यांत विदर्भ ओळखून दाखवला.

मंडळाकडे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत प्रत्येक जुन्या घराने एका पदार्थाची कृती, घरातल्या ज्या बाईकडून ती आली तिच्या नावासह लिहून द्यावी. फ्रेंचांनी त्यांच्या बायकांची नावे जपली, आपणही जपू. दुसरी विनंती थोडी अवघड आहे. गणेशोत्सवातल्या आपल्या महाप्रसादाचे बोलावणे कोणत्या आळ्यांपर्यंत जाते ते एकदा कार्यकारिणीने यादी काढून पाहावे. आणि ते जिथे आजवर थांबत आले असेल तिथून पुढे आपण स्वतः जाऊन बोलवावे, पुढच्या दाराने. काही जण येतील, काही जण कामावर आहोत असा निरोप पाठवतील. तरी दरवर्षी जावे.

हा लेख लिहून झाल्यावर आत्याबाईंना वाचून दाखवला. सनावळ्या आल्या तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. खिरीच्या वाटीपाशी त्या जाग्या होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, "ते नाव कोरलेल्या तीन वाट्या पडून आहेत नं? दोन घरं गेली, तिसरं तं गावातच आहे. चल, काहीतरी घालून दे. मी नेऊन देतो."

अंबाडीची भाजी गरम होती. वाटी भरली आणि त्या निघाल्या.

गणपती बाप्पा मोरया!